शिबिराला पोरं पाठवताना चार प्रश्न विचारा



या पानावर एरवी आम्ही बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज विषय वेगळा आहे. सुट्टीत आपलीही मुले नदीकाठच्या, डोंगरातल्या शिबिरांना जाऊ लागली आहेत. हौस चांगली, पण पाण्याचा विचार आधी व्हावा.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ग्वाडालुपे नदीकाठी मुलांची उन्हाळी शिबिरे पिढ्यान्‌पिढ्या भरतात. ४ जुलै २०२५ च्या पहाटे ही नदी सुमारे पाऊण तासात २६ फूट चढली. ‘कॅम्प मिस्टिक’ शिबिरातील मुली व त्यांना सांभाळणाऱ्या तरुणी मिळून २७ जणी दगावल्या. तिथे चुनखडीचे डोंगर, वर मातीचा पातळ थर. कातळावरचे पाणी जिरत नाही, धाव घेते. पाऊस वर पडतो आणि खाली झोपलेल्याला पत्ताही नसतो.

इशारा नव्हता काय? होता. हवामान खात्याने रात्री १ वाजून १४ मिनिटांनी तो दिला होता. शिबिराची सरकारी तपासणीही दोनच दिवस आधी झाली होती. पण इशारा आणि कागद पोरांना उचलून नेत नाहीत. त्याला जागा माणूस लागतो. त्याच भागातल्या ‘मो-रँच’ येथे रात्री एकच्या सुमारास एका कर्मचाऱ्याने पाणी चढताना पाहिले. लगेच सुमारे ७० मुले-माणसे उठवून उंचावर नेली. सगळी वाचली.

उशिरा हलणेही घातकच. याच नदीवर जुलै १९८७ मध्ये शिबिरातून मुलांना घेऊन निघालेली बस पुरात अडकली आणि १० मुले वाहून गेली. वाहते पाणी वीतभर असले तरी मोठ्या माणसाचे पाय सुटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासने कायदा करून पूरक्षेत्रात मुलांच्या निवासखोल्यांना मनाई केली.

आपल्याकडे उन्हाळ्यात कसला पूर, असे म्हणाल. पण २०२५ साली मे संपण्याआधीच मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचला होता. वळवाचा ओढा तर बघता बघता भरतो. म्हणून शिबिराचे पैसे भरण्याआधी विचारा :

१. मुले झोपतात ती जागा पूररेषेच्या वर आहे काय?

२. रात्री जागे कोण राहते? फोनला रेंज नसेल तर इशारा कसा कळतो?

३. उंच जागा कोणती? अंधारात पायी किती वेळ लागतो? वाटेत ओढा आहे काय?

४. पहिल्याच दिवशी मुलांना ती वाट चालवून दाखवतात काय? मुलांची यादी कोणाकडे असते?

बेणे घेताना आपण डोळा न्‌ डोळा पाहून घेतो. पोरांच्या बाबतीत विचारायला भीड कसली? सरळ उत्तर मिळाले नाही तर पोरं घरी ठेवा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी