गिरडचे मातीचे घर : दुरुस्ती कोठून सुरू करावी

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव शेख फरीद बाबांच्या टेकडीवरील दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित असून, त्या टेकडीवर सापडणारे झिओलाइटचे गोटे म्हणजे फकिराची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल होय, ही आख्यायिका ब्रिटिशकालीन गॅझेटिअरनेही नोंदवली आहे. झिओलाइट हे ज्वालामुखीच्या खडकातील पोकळ्यांत तयार होणारे खनिज आहे. अर्थात हा सारा मुलूख काळ्या फत्तराचा, आणि त्याच फत्तराची झीज होऊन बनलेल्या काळ्या जमिनीचा आहे. कपाशीला मानवणारी ही जमीन घराला मात्र मानवत नाही. तिच्यातील चिकण अंश पाण्याने फुगतो आणि वाळला की आकसतो, त्यामुळे तिच्यावरचा उथळ पाया दर वर्षी किंचित हलतो आणि जुन्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात.

अशी भेग दिसताच ती सिमेंटने बुजवण्याची घाई करू नये. दिवाळीनंतर जमीन सुकू लागते; त्या सुमारास भेगेवर आडवी कागदाची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तिच्यावर तारीख लिहावी. पुढचा उन्हाळा आणि पावसाळा काढूनही पट्टी शाबूत राहिली, तर भेग बहुधा जुनी व स्थिरावलेली समजावी. फाटली किंवा चुरगळली, तर पाया अजून हलतो आहे आणि दोष भिंतीत नसून तिच्या बुडाशी आहे. बहुतेक वेळा हा दोष पाण्याचा असतो : पागोळ्या जोत्यालगत पडतात, न्हाणीचे सांडपाणी सांदवाडीत, म्हणजे परसात, मुरते, किंवा भिंतीशेजारचे मोठे झाड जमिनीतील ओल शोषून घेते. म्हणून दुरुस्तीचा पहिला खर्च रंगावर नव्हे, तर जोत्याभोवती सुमारे ३ फूट रुंद, बाहेर उतरता फरसबंद पट्टा आणि पाणी दूर नेणारी नाली यांवर व्हावा.

त्यानंतर छताकडे वळावे. कवेलू फेरणे, म्हणजे मातीची कौले उतरवून, फुटकी वगळून पुन्हा बसवणे, हे काम पूर्वी पावसाळ्याआधी दर वर्षी होत असे. वानरांचा उपद्रव आणि कारागिरांची टंचाई यांमुळे अनेकांनी कंटाळून टिनाचे पत्रे घातले. ही निवड समजण्यासारखी असली, तरी मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात ती महाग पडते. पत्रे घालायचेच असतील, तर त्यांच्याखाली बांबूच्या ताट्यांचे दुसरे छत घालून मधल्या पोकळीत हवा खेळती ठेवावी. कवेलू उतरवले असतानाच मयाल आणि फाटे, म्हणजे छत पेलणारी मुख्य तुळई व तिच्यावरचे वासे, उधईने पोखरले आहेत का हे टोच्याने टोचून तपासावे, कारण वरून सागाची तुळई धडधाकट दिसली तरी भिंतीत रुतलेले तिचे टोक पोकळ निघू शकते.

सर्वांत मोठी चूक भिंतींच्या बाबतीत होते. मातीची जाड भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीची वाट अडते, आतली माती मऊ पडते आणि काही वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट सुटतात. जुन्या भिंतीला तिच्याहून कठीण लेप लावू नये, हा यातील मूळ नियम होय. चाळलेल्या पांढऱ्या मातीत गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा तणस (भाताचा पेंढा) मिसळून, काही दिवस भिजवून, तुडवून केलेला गारा पातळ थरांत लावावा. काळी माती त्यात मुळीच नको, कारण ती वाळताना तडकते. मातीने लिंपणे हे मागासलेपण मुळीच नव्हे. १९३६ मध्ये गांधीजी राहावयास आल्यानंतर माती, बांबू आणि कवेलू यांतून उभ्या राहिलेल्या सेवाग्रामच्या कुटी याच जिल्ह्यात आजही उभ्या आहेत, त्या नियमित लिंपणामुळेच. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने तर कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या नळ्या एकात एक गुंतवून कमानदार छत बांधण्याची रीत विकसित केली.

विजेच्या कामात मात्र जुने काहीही जपू नये. ओलसर भिंतीवरून गेलेली जुनी वायरिंग काढून तांब्याच्या तारा नळीतून न्याव्यात, अर्थिंग नव्याने करावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे सुरक्षा यंत्र मुख्य फलकावर बसवावे.

मातीच्या भिंतीवर स्लॅब कधीही टाकू नये. पक्के छत हवे असेल, तर ते स्वतंत्र पाया व खांबांवर, अभियंत्याच्या सल्ल्याने उभारावे. लिंपणाचे काम माघ-फाल्गुनात काढावे, कारण त्यानंतरच्या उन्हात गारा फार झपाट्याने वाळून चिरतो. आणि मातीकाम जाणणारे हात आता मोजकेच उरल्याने कारागिराला दिवाळीतच सांगून ठेवावे.