ईदचा बाजार आणि कारागिराची मजुरी

रमजानचे शेवटचे दहा दिवस म्हणजे आम्हा कापडवाल्यांच्या कमाईचे दिवस. तरावीह आटोपली की बाजार भरतो तो सहरीपर्यंत. कुर्त्याचे कापड, ओढण्या, मुलांचे तयार कपडे. चांदरातीला तर गिऱ्हाईक भाव करायलाही थांबत नाही.

हा हंगाम दरवर्षी सरकतो. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. 2000 साली जानेवारीत एक व डिसेंबरात दुसरी अशा दोन ईद आल्या. 2020 साली ईद मे महिन्यात, ऐन टाळेबंदीत आली; नमाज घरी झाली आणि उधारीवर भरलेला माल दुकानात पडून राहिला. 2030 ची ईद फेब्रुवारीत, थंडीत येईल. तेव्हा मलमल किती भरायची आणि जाड कापड किती, याचा विचार व्यापारी बंधूंनी आतापासून करावा.

पण आज सांगायचे आहे ते वेगळे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका शिंप्याकडून कुर्ते शिवून घेतले. रात्र-रात्र जागून त्याने माल वेळेवर दिला. आम्ही म्हणालो, "उस्ताद, वसुली येऊ द्या, ईदनंतर हिशेब करू." तो काही बोलला नाही. ईदगाहमध्ये त्याची गळाभेट झाली, तेव्हा त्याची मुले जुन्याच कपड्यांत उभी होती. त्याने शिवलेले कुर्ते घालून दुसऱ्यांची मुले फिरत होती. त्या दिवशीचा शीरखुर्मा आमच्या घशाखाली उतरला नाही.

ईदला नवेच कपडे हवेत अशी शर्त नाही. आहेत त्यांतले चांगले व स्वच्छ घालावेत. कापड विकणाऱ्याने हे सांगावे याचे नवल वाटेल, पण खरे ते खरे. मात्र मजुरी वेळेवर देणे हा कारागिराचा हक्क आहे.

बरेच जण रमजानमध्ये जकातीचा हिशेब करतात. दुकानाची जागा, माग, शिलाई यंत्र यांवर जकात नाही. विक्रीचा माल, रोकड, बँकेतली शिल्लक आणि वसूल होणारी उधारी धरून, हनफी पद्धतीप्रमाणे देणी वजा करून, निसाबच्या वर रक्कम राहिली तर अडीच टक्के. कारागिराची थकलेली मजुरी या देण्यांतच येते. ती देऊन 'जकात दिली' असे लिहिता येत नाही. जे त्याचेच आहे, ते दान कसे होईल?

फित्रा ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा असतो, तो याचसाठी की गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी. हनफी लोक पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत देतात. कोकणातले शाफई बंधू सुमारे अडीच किलो तांदूळ देतात. मग मजुरीलाही हीच मुदत का नसावी?

त्या वर्षापासून आम्ही एक नियम केला आहे. सत्ताविसाव्या रोज्यापर्यंत शिंपी, रफूवाला, हमाल, सर्वांचा हिशेब चुकता. हात आखडला तर माल कमी भरतो, मजुरी थांबवत नाही. एक फायदाही झाला: चांगला कारागीर पुढच्या हंगामात आधी आमचे काम हाती घेतो.

व्यापारी बंधूंनो, चांद दिसण्यापूर्वी एकदा वही उघडून पाहा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.