पिवळ्या कंठाची रानचिमणी

ज्वारीच्या बांधावरील पळसावर दिसणारी, गळ्याशी पिवळा डाग असलेली चिमणी ही घरातल्या चिमणीचीच एखादी संकरज जात आहे काय, असे जिंतूरकडील एका वाचकाने विचारले आहे. ती रानचिमणी होय. तिचे घराणेच निराळे. त्यातील चार जातींपैकी तीन आफ्रिकेच्या शुष्क, विरळ झाडांच्या गवताळ मुलखात बी टिपीत राहतात, आणि त्या तिघींच्याही कंठावर हाच पिवळा शिक्का आहे.

आता, परभणीची ज्वारीही मूळची पूर्व सुदानकडचीच असल्यामुळे, पिकामागून पाखरू आले असा तर्क मनाला भुलवतो खरा. पण तो टिकत नाही, कारण ज्वारी माणसाने आणली, तर या जातींची फारकत माणसाने नांगर धरण्याच्या फार पूर्वीची आहे. शिवाय तिचे पोट एकट्या कणसावर अवलंबून नाही. फाल्गुनात पळस पेटला की ती फुलांत चोच खुपसून मध पिते आणि कपाळ परागांनी माखून बाहेर येते. त्याच सुमारास नराची फिकी चोच काळी होते, आणि खांद्यावरचा तांबूस पट्टा उन्हात खुलून दिसतो.

हिच्याच एका नराने भारतीय पक्षिशास्त्राला सालिम अली दिले. १९०८ साली चेंबुरात छर्‍याच्या बंदुकीने पाडलेले हे पाखरू मामा अमिरुद्दीन तय्यबजींनाही ओळखता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. आपण कौतुक करतो ते त्या मुलाचे. मला मात्र थोर वाटतात ते मिलर्ड. पेशाने मद्याच्या पेढीतला हा गृहस्थ एका बुजर्‍या पोराला नुसते नाव सांगून वाटेला लावता, तर त्याची कोण तक्रार करणार होते? त्याने भुसा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे एकामागून एक उघडून दाखविली. पुढे १९३१-३२ साली सालिम अलींनी पहिली मोठी पाहणी केली ती निजामाच्या हैदराबाद संस्थानाची, आणि परभणी तेव्हा त्याच संस्थानाचा जिल्हा होता.

वाचकाने वैशाखात बांधावरच्या जुन्या झाडांच्या ढोल्या न्याहाळाव्यात. सुतारपक्ष्याने सोडलेल्या एखाद्या भोकातून चोचीत गवत धरलेली मादी आत शिरताना दिसेल.