सुरतची एलायझा ब्रिटनच्या प्रिन्स विल्यमची पूर्वज, हे कसं शोधलं?

ब्रिटनचा भावी राजा प्रिन्स विल्यम याच्या पूर्वजांमध्ये एक भारतीय स्त्री होती, अशी बातमी जून २०१३ मध्ये जगभर झळकली. या बातमीतली स्त्री म्हणजे सुरतची एलायझा केवार्क.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती थिओडोर फोर्ब्स या स्कॉटिश व्यापाऱ्यासोबत सुरतेत राहत होती. तो ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करायचा. दोघांना १८१२ मध्ये कॅथरीन ही मुलगी झाली. पुढे थिओडोर मुंबईला गेला, एलायझा सुरतेतच राहिली. त्याच्या मृत्युपत्रात ती फक्त 'हाउसकीपर' आहे. कॅथरीनला लहानपणीच स्कॉटलंडला धाडण्यात आलं. वडिलांकडचे कागद सापडतात, आईची बाजू मात्र जवळपास कोरी.

घराण्यात एलायझा आर्मेनियन असल्याचं सांगितलं जायचं. 'केवार्क' हे आडनावही आर्मेनियन 'केव्होर्क'च्या जवळचं. मग भारतीय कशी?

उत्तर मायटोकॉन्ड्रियल डीएनएत मिळालं. हा डीएनए आईकडूनच मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुलीच तो देतात. एलायझा, कॅथरीन, जेन क्रॉम्बी, रूथ लिटलजॉन, रूथ गिल (लेडी फर्मॉय), फ्रान्सेस, डायना आणि मग विल्यम, अशी ही सलग मायलेकींची साखळी. या वंशातल्या दूरच्या नातेवाइकांच्या लाळेत 'आर३०बी' हा गट आढळला. तो अतिशय दुर्मीळ असून, प्रामुख्याने दक्षिण आशियात सापडतो.

म्हणजे आर्मेनियन गोष्ट खोटी? तसं नाही. ही चाचणी एलायझाच्या आईच्या आईच्या आईबद्दलच बोलते. वडील आर्मेनियन असू शकतात, त्यांच्याविषयी ती गप्प आहे. सात पिढ्या मागे गेलं तर विल्यमच्या पूर्वजांच्या १२८ जागा भरतात. एलायझा त्यातली एक. एवढ्यावर 'भारतीय वंशाचा राजा' म्हणणं जरा जास्तच झालं.

टीकाही झाली. चाचणी करणारी कंपनी स्वतःच अशा चाचण्या विकायची, त्यामुळे ही जाहिरातबाजी असल्याचा आक्षेप होता. शिवाय नातेवाइकांच्या लाळेवरून विल्यमची जनुकीय माहिती जगजाहीर झाली.

विल्यमच्या मुलांकडे मात्र हा धागा नाही. त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्यांच्या आईचा, केटचा आहे.