देवावर टाकलं म्हणजे नेमकं काय केलं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते भरून झाले, वही मिटली, आणि उठता उठता आमच्यातली एक जण म्हणाली, "मला रात्री दोनला जाग येते. मग कोंबडा आरवेपर्यंत डोक्यात गिरणी चालू." आधी सगळ्या हसल्या. मग हळूहळू कळलं, की निम्म्याहून जास्त जणींच्या घरी हीच गिरणी आहे. कुणाला पोरीच्या लग्नाचा घोर, कुणाला सासऱ्याच्या दुखण्याचा, कुणाला सोसायटीच्या कर्जाचा. प्रत्येकीला वाटत होतं, अख्ख्या पेठेत आपणच एकट्या जाग्या.

आमच्या आक्का म्हणाल्या, "देवावर टाका आणि झोपा." त्यावर ती म्हणाली, "टाकते हो आक्का, रोज टाकते. पण पहाटेपर्यंत परत माझ्याच उशाशी येतं. टाकायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. आम्ही कीर्तनकार नाही, डॉक्टरही नाही. आपसात बोलून जे उमगलं तेवढं सांगतो.

आधी एक फरक. विचार वेगळा आणि घोर वेगळा. विचाराला शेवट असतो. "उद्या जाऊन बाकी किती ते विचारते," इथं विचार संपतो. घोर मात्र घाण्याच्या बैलासारखा तिथंच फिरतो: पाऊस नाही आला तर, भाव पडला तर, लोक काय म्हणतील. रात्रभर चालून पाऊलभरही पुढं जात नाही.

आपल्या सातगाव पठाराच्या बायांना हे बटाट्यावरून लगेच कळेल. इथला खरिपाचा बटाटा बराचसा पावसाच्या भरवशावर. जूनमध्ये लावण. बेणं बघून घ्यायचं, डोळा सांभाळून कापायचं, खत घालायचं, भर लावायची, करप्यावर लक्ष ठेवायचं. एवढं आपल्या हातातलं, आणि ते चुकलं तर देवाला बोल लावता येत नाही. पण ऑगस्टात पाऊस किती पडेल आणि काढणीला बाजार काय निघेल, हे आपल्या हातात कधीच नव्हतं. तरी आपण झोप घालवतो ती याच दोन गोष्टींपायी! जमिनीखाली केवढा झालाय म्हणून रोज सरी उकरून बघणारी बाई आम्ही अजून पाहिली नाही. मनाची सरी मात्र आम्ही रोज उकरतो.

आता आक्कांच्या लहानपणाकडे जाऊ. तेव्हा पहाटे जातं असायचं. एका खुंट्याला दोघी बसायच्या, सासू-सून नाहीतर दोन जावा, आणि दळता दळता ओव्या म्हणायच्या. त्यात पंढरीचा विठ्ठल असायचा, आणि त्याच्याच शेजारी सासुरवास, दिवाळीला न आलेला भाऊ, परक्या घरी दिलेली लेक. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ या दोघांनी गावोगाव सहकाऱ्यांना घेऊन या ओव्या गोळा केल्या. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या बायांच्या ओव्या त्यात पुष्कळ आहेत. सगळ्या मिळून एक लाखाहून जास्त भरल्या. ज्यांनी त्या रचल्या, त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

त्या जात्यावर काय व्हायचं, ते नीट बघा. हात कामात असायचे, म्हणून मन मोकाट सुटत नव्हतं. दुःख मनात न ठेवता मोठ्यानं सांगितलं जायचं, आणि शब्दात बसलं की त्याला आकार यायचा. समोरची दुसरी बाई ते ऐकायची, आणि उत्तर न देता खुंटा ओढायची. सांगणं मात्र देवाला असायचं, त्यामुळं चुगली झाली असं वाटायचं नाही. विठ्ठलाला त्या आई म्हणायच्या, भाऊ म्हणायच्या, त्याच्याशी भांडायच्यासुद्धा. देवावर टाकणं ते हेच, असं आम्हाला वाटतं. डोळे मिटून "तुझ्या मर्जीनं" म्हणणं सोपं आहे. नाव घेऊन, काय दुखतंय ते सांगणं अवघड.

जनाबाईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांच्या घरची ही दासी दळायला बसली की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायचा. गोष्टीतली एक बाब आम्हाला आत्ता बोलताना ध्यानात आली. देव जनीसोबत दळायला बसला, पण तिचं दळण काही त्यानं बंद केलं नाही.

काय टाकायचं आणि काय टाकायचं नाही, हे तुकोबांच्या घरात बघायला मिळतं. ते तसे आपल्या जवळचे. त्यांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी जुन्नर तालुक्यात ओतूरला आहे, श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला जाणाऱ्या बायांनी पाहिली असेल. 1630 च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बसलं, पहिली बायको रखुमाई अन्नाविना गेली, मुलगा गेला. पुढं त्यांनी भावाचा हिस्सा त्याला देऊन आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणं असलेले पैसे होते ते. कोण किती देणं लागतो, हा हिशोब पाण्यात गेला.

पण दुसरी बायको जिजाई, जिला आवली म्हणतात, ती भाकरी घेऊन डोंगर चढत होती. पोरांच्या तोंडात घास तीच घालत होती. कीर्तनात तिला भांडकुदळ म्हणून हसतात, ते आम्हाला आवडत नाही. एकानं देवावर टाकायचं आणि दुसरीनं संसार ओढायचा, ही वाटणी बरोबर नव्हे. आजही घरात "देव बघेल" म्हणून कर्जाचा कागद कुणी उघडत नसेल, तर तो विश्वास नाही, ती टाळाटाळ आहे.

आणि ती आम्हीही करतो. दोनला जाग येणाऱ्या त्याच बाईनं नंतर कबूल केलं, की सोसायटीचं एक पाकीट तिनं तीन आठवडे तांदळाच्या डब्याखाली न फोडता ठेवलं होतं. जमीन जाणार असंच तिनं धरलं होतं. शेवटी आम्ही चौघी बसलो आणि फोडलं. आत व्याज भरायची तारीख होती. पैसे भरायचेच होते, ते काही माफ झाले नाहीत. पण आता किती आणि कधी, हे माहीत होतं. वहीत आकडा लिहिला, गटातून किती मिळतील ते पाहिलं. मग जे उरलं तेवढंच देवाला सांगायचं राहिलं.

विश्वास ठेवला की संकट येत नाही, असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. आपल्याच आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खचला आणि 151 माणसं गेली. त्या घरांतही देव्हारे होते. तिथल्या मागं राहिलेल्यांना "देवाची इच्छा" म्हणून गप्प करणाऱ्याला देव कळला असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्याजवळ बसावं, तेवढंच.

दोन गोष्टी घाईनं सांगतो. घोर घालवतो म्हणून पैसे, कोंबडं किंवा एकटीला भेटायला मागणारा भेटला, तर तिथून उठा. भोंदूगिरीनं फसवणाऱ्यांविरुद्ध 2013 पासून महाराष्ट्रात कायदा आहे. आणि दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, असं झालं तर ते दुखणं आहे. तापाला जसं दवाखान्यात जातो, तसं त्यालाही जायचं. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोन करणाऱ्या बाईची भक्ती कमी पडली, असं समजायचं कारण नाही. जीव नको वाटतोय असं एखादी म्हणाली, तर तिला त्या रात्री एकटीला ठेवू नका.

आमच्याकडे आता जातं कोपऱ्यात पडलंय, दळण गिरणीत जातं. म्हणून आम्ही बैठकीच्या आधी अर्धा तास लवकर जमतो. शेंगा फोडायला किंवा लसूण सोलायला घेऊन येतो. जिला बोलायचं ती बोलते. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही असं ठरलंय, आणि ते आम्हाला अजून जमत नाही. आक्का तर मध्येच बोलतातच.

पाकीटवाली अजूनही कधी कधी दोनला उठते. म्हणते, उठून पाणी पिते, जे आपल्या हातातलं आहे ते सकाळसाठी वहीत लिहिते, बाकीचं विठ्ठलाला नावानिशी सांगते. कधी झोप लागते, कधी नाही.

येत्या शनिवारी हरिपाठानंतर आक्का त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या म्हणणार आहेत. काही विसरल्यात असं त्यांचं म्हणणं आहे. कुणाला आठवत असतील तर या, आणि येताना सोलायला काहीतरी आणा.