विश्लेषण : गोऱ्या रंगाला आजही झुकते माप का मिळते?

चकाला आणि वर्सोवा ही अंधेरीतली दोन टोके एकाच मेट्रो मार्गावर आहेत. चकाल्यात हिंदुस्थान युनिलिव्हरचे मुख्यालय आहे. याच कंपनीने १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. वर्सोव्याच्या आरामनगरात मालिका, जाहिराती आणि चित्रपटांसाठी ऑडिशन चालतात. चेहरा कसा असावा हे एका टोकाला विकले गेले आणि दुसऱ्या टोकाला निवडले जाते. नोकरी, लग्न, घरभाडे आणि आरोग्य या सगळ्यांत त्वचेचा रंग आणि चेहऱ्याची ठेवण आडवी कशी येते, ते समजून घेऊ.

गोरेपणाचा विशेषाधिकार म्हणजे काय?

ही संज्ञा अमेरिकेतून आली. पेगी मॅकिन्टॉश या अभ्यासक लेखिकेने १९८९ मध्ये लिहिलेल्या एका लेखामुळे ती सर्वतोमुखी झाली. गोऱ्या माणसाला न मागता मिळणाऱ्या रोजच्या सवलतींची यादीच त्यांनी केली होती. दुकानात कोणी संशयाने मागे मागे फिरत नाही, ‘त्वचेच्या रंगाची’ म्हणून विकली जाणारी जखमेवरची पट्टी आपल्याच रंगाशी जुळते, अशा साध्या गोष्टी त्यात होत्या. लेखिकेचे म्हणणे असे की, अशी सवलत मिळण्यासाठी त्या माणसाने काही वाईट केलेले असावे लागत नाही. ती मिळते आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही.

भारतात सगळेच ‘ब्राऊन’, मग हा विषय आपला कसा?

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. वंशावरून केला जातो तो वंशभेद. एकाच समाजात, कधी एकाच घरात, त्वचेच्या छटेवरून केला जातो तो रंगभेद. सख्ख्या बहिणींपैकी उजळ असलेलीचे स्थळ लवकर जमते आणि सावळीच्या वेळी ‘पण नाकीडोळी छान आहे’ अशी पुस्ती जोडली जाते, तो रंगभेदच. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी उतरंड लग्नाच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे छापली. सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडणारे घरही सून शोधताना ‘गोरी हवी’ म्हणते.

याला इंग्रजांचे राज्य हे एकच कारण नाही. उन्हात राबणाऱ्यांचा रंग रापतो आणि सावलीत बसणाऱ्यांचा उजळ राहतो, त्यामुळे गोरेपणाचा संबंध प्रतिष्ठेशी आधीच जोडला गेला होता. जातीच्या उतरंडीने त्याला बळ दिले. पुढे राज्यकर्तेच गोरे आल्यावर समज आणखी पक्का झाला. प्रत्यक्षात त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. बुद्धी, स्वच्छता किंवा स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही.

जाहिरातींनी काय केले?

सावळी मुलगी उदास आहे, क्रीम लावल्यावर तिला नोकरी किंवा नवरा मिळतो, हे अनेक जाहिरातींचे ठरलेले कथानक होते. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने (ॲस्की) नियम केले : सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवायचे नाही. मे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि जगभर निदर्शने उसळली. त्यानंतर हिंदुस्थान युनिलिव्हरने नावातून ‘फेअर’ काढले आणि जुलै २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ हे नवे नाव जाहीर केले. शादी डॉट कॉमने स्थळ शोधताना रंग निवडण्याची सोय काढून टाकली. मात्र ‘गोरा’ जाऊन ‘उजळ’, ‘ग्लो’, ‘ब्राइट’ हे शब्द आले. पाटी बदलली तरी मागणी तशीच राहिली.

पडद्यावर आणि फोनमध्ये काय चालते?

सावळ्या पात्राची भूमिका लिहिली गेली तरी ती सावळ्या कलाकाराला मिळेलच असे नाही. २०१९ च्या ‘बाला’मध्ये भूमी पेडणेकर आणि ‘सुपर ३०’मध्ये हृतिक रोशन यांचा रंग मेकअपने गडद केल्यावर टीका झाली, ती यामुळेच. ‘बाला’मध्ये तर रंगावरून होणारी हेटाळणी हाही एक विषय होता. ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम २००९ मध्ये चेन्नईत सुरू झाली. पुढे अभिनेत्री-दिग्दर्शिका नंदिता दास तिचा चेहरा झाल्या.

तंत्रज्ञानही यातून सुटलेले नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या संगणक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर गडद त्वचेच्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. सेल्फी घेताना ‘ब्युटी मोड’ आपल्याला न विचारता रंग उजळवतो, तेव्हा सुंदर म्हणजे गोरे हेच तो गृहीत धरतो.

चेहऱ्यावरून परके ठरवले जाते तेव्हा?

ईशान्य भारतातून आलेले अनेक जण मुंबईच्या उपनगरांत हॉटेल, सलून, स्पा आणि विमानसेवेत काम करतात. ‘चिंकी’, ‘नेपाळी’, ‘चायनीज’ अशी हाक आपल्याच देशात त्यांना ऐकावी लागते. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, सांताक्रूझच्या कलिना भागात मणिपूरच्या एका तरुणीवर दुचाकीस्वार थुंकल्याची तक्रार पोलिसांत झाली. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला होता. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. अशा हिणवण्याला शिक्षा देणारी नवी कलमे दंड संहितेत घालावीत, अशी शिफारस समितीने केली. २०२४ मध्ये ती संहिता कालबाह्य होईपर्यंत ही कलमे तिच्यात आली नाहीत.

गोरेपणाचे क्रीम धोकादायक ठरू शकते का?

हो. जानेवारी २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे प्रकरण उजेडात आले. केईएम रुग्णालयातील तपासात संशयाची सुई त्या वापरत असलेल्या क्रीममधील पाऱ्याकडे वळली. पारा मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया रोखतो, म्हणून त्वचा उजळ दिसते. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. स्टेरॉइड असलेली मलमेही गोरे होण्यासाठी सर्रास लावली जातात. त्यांनी त्वचा पातळ होते, पुरळ येतात, चेहऱ्यावर लव वाढते.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचे कलम १५ वंशावरून भेदभावाला मनाई करते. दुकाने, उपाहारगृहे यांत प्रवेश नाकारण्यालाही ते लागू आहे. घरातल्या टोमण्यांचे काय? सातारा जिल्ह्यातील १९९८ च्या एका प्रकरणात, पत्नीला रंगावरून टोमणे मारणे हे फौजदारी गुन्ह्याइतकी क्रूरता ठरत नाही, असे सांगत मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पतीला निर्दोष सोडले. उलट २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पतीला काळा म्हणून हिणवणे ही क्रूरता मानून घटस्फोट मंजूर केला. पहिला खटला फौजदारी होता आणि तिथे पुराव्याची कसोटी अधिक कडक असते, हे लक्षात घ्यायला हवे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मात्र अपमान, हेटाळणी आणि नावे ठेवणे यांना शाब्दिक व भावनिक छळ मानतो. त्यामुळे त्याखाली महिलेला दाद मागता येते.

आपण काय करू शकतो?

उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेले क्रीम घेऊ नये. काही दिवसांत गोरे करतो असे सांगणाऱ्यापासून दूरच राहावे. संशयास्पद मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि रंगावरून हिणवणाऱ्या जाहिरातीची तक्रार ॲस्कीकडे करता येते. मुलाचे स्थळ पाहताना रंगाची अट काढून टाकायला तर कोणत्याच कायद्याची गरज नाही. आणि बाळ जन्मल्यावर ‘रंग कोणावर गेलाय?’ हा पहिला प्रश्न विचारला नाही, तर त्या बाळाच्या वाट्याला येणारी एक तुलना तरी कमी होईल.