घरच्या घरी गाडीदुरुस्ती: काय खरं, काय ऐकीव

नाशिकमध्ये बोलेरो तयार होते. सातपूरच्या बॉशमध्ये, म्हणजे जुन्या लोकांच्या मायकोत, डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. आयटीआय करून अंबड-सातपूरच्या कारखान्यांत लागलेली माणसं बहुतेक कॉलन्यांत भेटतात. अशा शहरातही साधा एअर फिल्टर बदलायला गाडी गॅरेजला जाते, आणि ज्या कामांना घरी हात लावू नये ती मात्र ऐकीव माहितीच्या भरवशावर पार्किंगमध्ये होतात. त्यातला दुसरा प्रकार जास्त काळजीचा आहे.

आधी कायद्याचं बघू. ‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते’ हे महाराष्ट्रात खरं नाही. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि भोवतालच्या परिसरापुरते आहेत. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. एप्रिल 2022 पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. म्हणून एमएच-15 पाटीची जुनी गाडी नीट राखणं हा आजही शहाणपणाचा व्यवहार आहे.

‘स्वतः गाडी उघडणं बेकायदा आहे’ हाही गैरसमजच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांबद्दल आहे. झिजलेल्या पार्टच्या जागी तसाच पार्ट बसवणं हा बदल नव्हे. सीएनजी किट लावलं तर मात्र आरसीवर नोंद हवी. अपघातानंतर विम्याचा दावा करायचा असेल, तर सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी पाना लावू नका.

आता जॅक. ‘गाडीसोबत आलेला जॅक आहे, मग खाली शिरायला काय हरकत?’ हरकत जिवाची आहे. तो जॅक चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. नाशिकच्या अनेक प्लॉटवर काळी माती आहे. पावसानंतर ती भुसभुशीत होते आणि जॅकचा तळ हळूहळू कलतो. विटा किंवा पेव्हर ब्लॉक वजनाखाली एकदम फुटतात. सपाट काँक्रीट, हँडब्रेक, जमिनीवरच्या चाकांना ओट आणि दोन जॅक स्टँड एवढं जमत नसेल, तर गाडीखालचं काम गॅरेजलाच द्यावं.

डिझेलवाल्यांनी पुढचं विशेष लक्ष देऊन वाचावं. डिझेल संपून गाडी बंद पडली की लाइनमध्ये एअर धरते. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत हँड पंप मारून, पाइपचा नट सैल करून ती काढत. हेच ज्ञान अनेक जण नव्या इंजिनालाही लावतात. पण कॉमन रेल इंजिनात रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जातो, म्हणजे चाकातल्या हवेच्या सुमारे पाचशे पट. स्टार्टर फिरत असताना तिथला नट सैल केला, तर सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखतंही कमी, पण डिझेल आत पसरत असतं आणि काही तासांच्या दिरंगाईने बोट जाऊ शकतं. असं झालं तर पट्टी बांधून थांबू नका, थेट रुग्णालयात जा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा.

‘ब्रेक ऑइल कमी झालं की टॉपअप केलं, झालं काम.’ मुळात ते कमी का झालं? पॅड झिजले असतील किंवा कुठेतरी गळती असेल. शिवाय ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-3 दर्जाचं ताजं ऑइल 205 अंशांखाली उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. कसारा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर त्या ओलीची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल सरळ खाली जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. पातळी आणि पॅड घरी तपासा, ब्लीडिंग जाणकाराकडून करून घ्या.

‘नाशिकात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ कूलंट गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. बोअरच्या पाण्याचे क्षार मात्र रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, आणि कूलंट विषारी असल्याने लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्यापासून दूर ठेवा.

इंजिन ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळं होतं. बदलायचं ते पुस्तिकेतल्या किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशेबाने. ‘जुन्या इंजिनाला जाड ऑइल’ हा सल्लाही पुस्तिका पाहूनच घ्यावा. नट जितका आवळाल तितका चांगला, हेही खोटं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग जास्त आवळला की आटे जातात आणि शंभर रुपयांचं काम हजारोंवर जातं. टॉर्क पाना घ्या, किंवा एखाद्या फिटर शेजाऱ्याकडून मागून आणा.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. फिल्टर, वायपर, बल्ब, प्लग, फ्यूज, बॅटरी ही कामं कुणालाही शिकता येतील अशी आहेत.

आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. नंदिनी, वाघाडी, वालदेवी या सगळ्या शेवटी गोदावरीलाच मिळतात. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. जुन्या कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा आणि जे गॅरेज ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला देतं तिथेच नेऊन द्या.